आत घेतलेली शिवण

शिंप्याची पॅन्ट भर रस्त्यात घसरावी, हा त्याच्या धंद्यात अब्रूचा प्रश्न असतो. मास्तरांची घसरली ती फार नाही, दोन बोटं. सिग्नल सुटला होता, एका हातात अस्तराच्या कापडाचा गठ्ठा, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा, आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध पॅन्ट कमरेच्या हाडावरून खाली उतरली आणि तिथेच थांबली; दारात उभं राहून ‘आत येऊ का’ विचारणाऱ्या पाहुण्यासारखी. मास्तरांनी दोन्ही कोपरं कमरेला दाबली आणि पोटात कळ आलेल्या माणसासारखे वाकून पलीकडे पोचले. एका मोटारवाल्याने भोंगा वाजवला. एका बाईने “सावकाश हो काका” म्हटलं. पलीकडच्या फुटपाथवर त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, पट्टा ओढला, तर पट्ट्याला ओढायला पुढे भोकच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी काजाच्या टोच्याने पाडलेलं नवं भोक हेच शेवटचं, आणि आता तेही अपुरं झालं होतं. हे त्यांना कळलं आणि सकाळचं ऊन एकदम कुणीतरी दिवा बारीक करावा तसं वाटलं. मग त्यांनी गठ्ठा उचलला. माणसाला काही कळलं तरी गठ्ठा उचलावाच लागतो.

दुकान म्हणजे किल्ल्या बनवणारा आणि चष्मेवाला यांच्यामधली एक उभी फट. आत दोन मशीन, कापायचं टेबल, पडदा ओढून केलेली ट्रायलची जागा, आणि माणसाला आपल्या खऱ्या आकाराची फार कल्पना येऊ नये अशा बेताने किंचित मागे कललेला आरसा. त्या आरशात गेली एकतीस वर्षं सगळं गाव बारीक दिसत आलं होतं. मास्तरांना सगळे मास्तरच म्हणत. बायकोही चारचौघांत “आमचे मास्तर” म्हणे, घरात “अहो”. ती नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीत बसायची आणि सकाळी जाण्याआधी डबा भरून द्यायची. मास्तरांनी डबा कोपऱ्यात ठेवला, पडदा ओढला, टेप कमरेभोवती घेतला. गिऱ्हाईक माप देताना पोट आत घेतं, हे त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून ते प्रत्येकाला आधी काहीतरी विचारायचे, “मुलगी कितवीत आहे आता?” वगैरे, आणि माणसाने उत्तर द्यायला श्वास सोडला की चटकन टेप मिटायचे. स्वतःला काय विचारणार? आकडा बघायला मान खाली घातली की पोट आपोआप आत जातं. म्हणून ते आरशात बघून माप घ्यायचे, उलटे आकडे वाचत. साडेचौतीस. गेल्या सोमवारी पस्तीस होती.

मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी ते लिहिलं. त्या पानावर नाव नव्हतं, नुसतं ‘गिऱ्हाईक’ असं होतं, जणू कुणीतरी अनोळखी माणूस दर सोमवारी नेमाने येऊन कंबर मोजून जात होता आणि काही शिवायला मात्र टाकत नव्हता. सुरुवात अडतीसने होती. मग एकोणचाळीस, कारण सिगारेट सोडल्यावर तोंडाला काहीतरी लागायचं आणि ते मिळेल ते खायचे. मग चालणं लागू पडलं. महिन्याला अर्धा इंच, कधी पाऊण, अगदी शहाण्या मुलाच्या प्रगतीसारखं सदतीसपर्यंत उतरून आकडा तिथे स्थिरावला. तीन महिने सदतीस. आणि मग गेल्या अडीच महिन्यांत, चालणं तेवढंच, खाणं तेवढंच (हे पूर्ण खरं नव्हतं), कोणी न विचारता अडीच इंच.

अकरा महिन्यांपूर्वी मास्तर माणसात आले होते, असं बायको म्हणायची. दादाच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या त्या खोलीत जिथे भिंतीवर पोटाच्या आतला रंगीत नकाशा लावलेला होता, पोटाच्या डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने जठराच्या मागे एक पिवळट जिभेसारखी वस्तू दाखवली होती. स्वादुपिंड. साठी जवळ येईपर्यंत मास्तरांनी हा शब्द तोंडातून काढला नव्हता; आपल्याला असं काही आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती, आणि बहुधा त्यालाही मास्तरांची नसावी. “सख्ख्या भावाला ही गाठ आहे म्हणजे तुम्हाला शक्यता थोडी जास्त,” डॉक्टर म्हणाले होते. “तुम्ही ओढता ना? वास येतोय. ते आधी बंद. पहिलं औषध ते आणि दहाव्यापर्यंत तेच समजा. वजन आटोक्यात. रोज चालायचं. दारू नको. भाज्या, फळं, कडधान्यं. रक्तातली साखर अधूनमधून तपासायची.”

“म्हणजे मग होणार नाही?”

“शक्यता कमी होते. शक्यता. मी डॉक्टर आहे, विमा कंपनीचा एजंट नाही.”

मास्तरांना तो माणूस आवडला होता. कापड पाण्यात आटणार नाही अशी हमी मास्तरांनीही कधी कुणाला दिली नव्हती. त्यांनी त्याच दिवशी सिगारेट सोडली, म्हणजे बोटांनी सोडली. ओठांनी सोडायला चार महिने गेले. ओठ रिकामे राहायला तयार नव्हते. ते खुणेचा खडू ओठात धरून काम करू लागले आणि एकदा विचारांच्या नादात त्यांनी त्याचा खोल झुरका घेतला. “मास्तर, निळा कडक लागतो की पांढरा?” किल्लीवाला शेजारून ओरडला होता. मग रोज सकाळचं चालणं. बागेला सहा फेऱ्या. कधीमधी मित्राकडे होणारे दोन पेले बंद झाले, त्याबरोबर मित्रही. ताटात अर्धी भाजी, एक फळ, कमी साखर. बायको आल्यागेल्याला सांगायची, “आमचे मास्तर बघा, नुसते वाळवून ठेवलेत.” मास्तरांना सुख वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी पुस्तकात सांगितल्याबरहुकूम केलं होतं.

पण आता पेच असा पडला होता की, जी सवय आजाराला दाराबाहेर ठेवते ती कंबर कमी करते, आणि जो आजार दारातून आत येतो तोही पहिल्यांदा कंबरच कमी करतो. राखणदार आणि चोर एकाच अंगरख्यात. कुत्रं भुंकतंय ते कुणावर हे अंधारात कसं कळणार? बायको ज्याला गुण आला म्हणत होती त्याला मास्तर मनातल्या मनात दुसरं नाव देत होते, आणि ते नाव उच्चारायला नको म्हणून अधिक चालत होते. अधिक चाललं की कंबर आणखी उतरे. मग भीती वाटून भूक मरे. भूक मेली की… हा विचार मशीनच्या चाकासारखा स्वतःच्याच पट्ट्यावर फिरत राहायचा. डबा उघडला की ते अर्ध्यावरच झाकण लावायचे. अर्धा डबा गेले दोन महिने किल्लीवाला खात होता. “बाईंच्या हाताला चव आहे हो मास्तर,” तो म्हणायचा. त्याच्या शर्टाची बटणं हल्ली ताणलेली दिसत. एका घरातून निघालेलं वजन शेजारच्या दुकानात नीट पोचत होतं.

दादा पहिल्यांदा आला तेव्हा दुकानात गर्दी होती. घरी तो मास्तरांना ‘छोट्या’ म्हणायचा, पण दुकानात मात्र ‘मास्तर’, आणि भाऊ असूनही आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहायचा. पाणीपुरवठा कचेरीत आयुष्य गेलं होतं, रांगेशिवाय काही मिळालं तर त्याला ते चोरीचं वाटे. “मास्तर, कमरेत जरा घे,” तो म्हणाला. मास्तरांनी टेप लावला. एक इंच. “वा! साठी उलटली म्हणून सांगू नकोस कुणाला. काय करतोस काय?” “चालतो रोज.” “बघा,” मास्तर बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाले, “आमच्या थोरल्याकडून शिका जरा.” सगळ्यांनी आपापली पोटं चाचपली. दादा लाजल्यासारखा हसला. दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी, दीड इंच. “आता काय पुन्हा बोहल्यावर चढतोस काय?” “तुझ्या वहिनीला विचारून सांगतो.” या वेळी तो हसला ते फक्त तोंडाने, पण टेप तोंडाला लावत नाहीत. तिसऱ्या खेपेस मात्र खरी अडचण आली. मागची शिवण इतकी आत घ्यावी लागली की पाठीमागचे दोन्ही खिसे सरकून एकमेकांच्या कानाशी लागले. असं झालं की पॅन्ट हास्यास्पद दिसते. चांगला कारागीर ते होऊ देत नाही. मास्तरांनी दोन्ही खिसे उसवले, बाहेरच्या बाजूला सरकवून पुन्हा बसवले, जुनी खूण दिसू नये म्हणून वाफेची इस्त्री फिरवली, आणि काम झाल्यावर पॅन्ट उजेडात धरून स्वतःशीच मान डोलावली. ते त्यांना आता आठवायचं. मान डोलावलेली. माप घेताना टेपखाली दादाचा मणका लागला होता, शर्टाच्या आत ओळीने बटणं शिवल्यासारखा, आणि मास्तरांच्या मनात आलं होतं की इथे कापडाला चूण येईल. एवढंच आलं. “पाठ भरून येते हल्ली,” दादा म्हणाला होता. “खुर्ची बदल,” मास्तर म्हणाले होते. त्याच्या डोळ्यांत किंचित पिवळं दिसलं, तर दुकानातल्या दिव्याचा दोष समजून त्यांनी दुसऱ्या दिवशी दिवा बदलला.

दिवा अजून चांगला चालत होता.

दादा गेल्यापासून मास्तर बारीक झालेल्या गिऱ्हाइकाला सोडत नसत. ही गोष्ट बाजारात पसरली होती. कालचीच गोष्ट, दातांचे डॉक्टर आले, खुशीत होते, दोन पॅन्ट कमरेत घ्यायच्या म्हणाले.

“ठरवून कमी केलंत की आपोआप झालं?” मास्तरांनी टेप खाली ठेवून विचारलं.

“पळतो मी. सहा महिने झाले.”

“भूक?”

“राक्षसासारखी.”

“पाठीत दुखतं? रात्री? डोळे जरा वर करा. लघवीचा रंग कसा आहे?”

“मास्तर, मी डॉक्टर आहे.”

“दातांचे.”

बाकावरचे दोघे गालात हसले. दातांच्या डॉक्टरांनी डोळे वर केले, खाली केले, जीभही दाखवली, आणि अखेर आपण पॅन्ट द्यायला आलो होतो हे आठवून त्या दिल्या. मास्तरांनी नाराजीने घेतल्या. गिऱ्हाइकं कमी होत होती. निरोगी माणसाला शिंप्याकडून तपासून घ्यायला फारसं आवडत नाही. पण मास्तरांना प्रत्येक आत जाणाऱ्या शिवणीखाली कुणीतरी गाडलं जातंय असं वाटायचं. फक्त पडद्याआड येणाऱ्या त्या सोमवारच्या गिऱ्हाइकाला त्यांनी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याचं माप घेतलं, लिहिलं, आणि वही मिटली. तो काही बोलला नाही, हेही काही बोलले नाहीत. दोघेही सभ्य होते.

आज मात्र पट्ट्याच्या जागी त्यांनी अस्तराची पट्टी ओवून गाठ मारली आणि कामाला बसले, तर अकराच्या सुमाराला दारात वहिनी. दादाची बायको. तो गेल्यापासून ती दुकानात पहिल्यांदाच येत होती. हातात कापडी पिशवी. बाकावर टेकली, घाम पुसला, आरशात बघितलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, “तुमचा आरसा खोटारडा आहे हो भाऊजी.”

“धंदा त्याच्यावर आहे वहिनी. पाणी घ्या.”

“पाणी नको. हे बघा.” तिने पिशवीतून घड्या काढल्या. दादाच्या तीन पॅन्ट. “कपाटात नुसत्या पडल्यात. कापड चांगलं आहे, कुणाला तरी होतील म्हणून दोघांना दाखवल्या, तर कुणाच्या कमरेत येईनात. पोरासोरांनाही येईनात. तुम्ही घेतल्यात तेवढ्या सोडून द्याल का?”

मास्तरांनी पहिली पॅन्ट टेबलावर पालथी घातली. आपले टाके माणूस आपल्या अक्षरासारखे ओळखतो. त्यांनी जास्तीचं कापड कापलं नव्हतं; ते कधीच कापत नसत, माणूस पुन्हा भरेल या हिशेबाने आत ठेवून देत. त्यांनी पात्याचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. टाका तुटला, मग पुढचा, मग एक लांब धागा सरसर निघून आला आणि शिवण दोन्ही बाजूंना उघडली. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद होतं, ऊन न लागलेलं, नवंकोरं. दोन इंच. त्याच्याआत दीड. त्याच्याआत एक. दादा जेवढा जेवढा गेला होता तेवढा इथे दुमडून ठेवलेला होता.

“वहिनी,” ते मान खाली घालूनच म्हणाले, “तो रोज चालायचा ना?”

“कोण, हे? चालतात कसले! घरातून निघायचे बूटबीट घालून, आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून दोन सिगारेटी ओढून परत. मला काय वास येत नाही? मी म्हणायची, असू दे, तेवढाच बाहेर वारा.”

पातं थांबलं.

“मग बारीक होतोय ते…”

“ते त्यांना कळत होतं की. मला म्हणायचे, अन्नावरची वासनाच गेली बघ. मी म्हणाले डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, आधी छोट्याकडे जाऊन येतो.” वहिनी पदराशी चाळा करत बोलत होती, आवाजात कसलाही काटा नव्हता, पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट होती तिच्यासाठी. “तुमच्याकडून आले की अगदी खुशीत असायचे हो. म्हणायचे, छोट्या काही बोलला नाही, उलट शाबासकी दिली. तो इंचाइंचाचा माणूस आहे, काही वेडंवाकडं असतं तर त्याच्या बोटांना आधी कळलं असतं. त्या दिवशी जरा बरे जेवायचे. तेवढे तीन-चार दिवस माझेही बरे जायचे.”

बाहेर किल्लीवाल्याची कानस लोखंडावर फिरत होती, एकाच जागी, एकाच दातावर. म्हणजे दादा पॅन्ट घेऊन येत नव्हता. तो तपासून घ्यायला येत होता. रांगेत बसून, आपला नंबर लावून, गर्दीसमोर हात वर करून उभा राहत होता आणि टेपाच्या दोन थंड टोकांमध्ये श्वास धरून निकालाची वाट बघत होता, आणि निकाल प्रत्येक वेळी एकच लागला: वा! तीनदा त्यांनी त्याला पास केलं. तिसऱ्यांदा तर खिसेसुद्धा सरकवून दिले. त्याने स्वतःहून का नाही सांगितलं? हा प्रश्न मास्तरांनी वर्षभर त्याच्यावर दात धरून विचारला होता, आणि आता तोच त्यांच्याकडे तोंड करून बसला. सांगायचं नसतं. कुणीतरी ओळखावं असं वाटत असतं. म्हणून माणूस ओळखणाऱ्याच्या समोर जाऊन उभा राहतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो. त्यांनी तरी अडीच महिने दुसरं काय केलं होतं? बायकोसमोर पट्टा आवळायचा, तोही ती बघेल असा. ती बघायची आणि म्हणायची, वाळवून ठेवलेत.

“काय झालं हो?” वहिनीने विचारलं. “मी बोलले ते मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे काही झालं नाही. डॉक्टर म्हणालेच होते, हा आजार फार उशिरा दिसतो.” मग ती उठली, पिशवीची घडी केली, आणि जाताजाता तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, घरातल्या बाईच्या नजरेने, आरसा वगळून. मास्तर ताठ झाले. बघतेय. हिने हे सगळं जवळून पाहिलंय, हिला कळणार.

“तुम्ही पण चांगले बारीक झालात हो भाऊजी,” वहिनी प्रसन्नपणे म्हणाली. “दहा वर्षांनी लहान दिसता. असेच राहा.”

ती गेली. ते शब्द त्यांच्याच दुकानातले होते, त्यांनीच कापलेले, शिवलेले. कुणीतरी ते धुऊन घडी घालून परत आणून दिले होते. आणि दुष्टपणा असा की बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं, पोटात एक ऊबदार घोट उतरावा तसं, भूकसुद्धा किंचित चाळवली. याच घोटावर दादाने सहा महिने काढले असणार. आता डबा उघडावा, चार घास खावेत, आणि पुढच्या सोमवारपर्यंत… मास्तरांनी डब्याकडे पाहिलं. मग टेबलावर उघड्या पडलेल्या शिवणीकडे पाहिलं. आणि चपला पायात सरकवून ते बाहेर आले.

“जरा दुकानाकडे बघ,” ते किल्लीवाल्याला म्हणाले.

“आणि डबा?” किल्लीवाल्याने विचारलं.

तलाव तीन चौक दूर होता. मास्तर सकाळचं चालतात तसं चालले नाहीत. एका हाताने कमरेवरची गाठ धरून, मध्येच थांबत, मध्येच भरभर. दुपारच्या सत्राची रांग लागली होती: टायर गळ्यात घातलेली पोरं, टॉवेल खांद्यावर टाकलेले बाप, क्लोरीनचा वास, भिंतीपलीकडून पाण्यात पडणाऱ्या अंगांचे धप्प आवाज आणि किंकाळ्या. बायको खिडकीत बसली होती, काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून फक्त तिचे हात दिसत. मास्तर सरळ पुढे जायला निघाले तर एका बापाने अडवलं, “काका, रांग आहे.” “माझी बायको आहे ती,” असं म्हणता आलं असतं. पण त्यांना एकाएकी वाटलं, रांगेतच उभं राहावं. चौदा माणसं होती. सहाव्या माणसाच्या वेळी त्यांनी परत जायचं ठरवलं. आठव्या माणसाच्या वेळी त्यांनी विचार केला, संध्याकाळी घरी सांगू, आणि त्यांना स्पष्ट दिसलं की संध्याकाळी घरी ते सांगणार नाहीत. ती ताट वाढेल, ते शहाण्या माणसासारखी भाजी जास्त घेतील, आणि दोघं बातम्या बघतील. अकराव्या वेळी मागच्या पोराने त्यांच्या पाठीत टायर मारला.

“किती?” बायकोने मान वर न करता विचारलं.

“एक,” मास्तर म्हणाले.

हात थांबले. मग तिचा चेहरा भोकाच्या पातळीवर खाली आला. “अहो! तुम्ही इथे कुठे? आणि तुम्हाला पोहता कुठे येतं?”

“नाही येत.”

“मग?”

“माझी कंबर उतरतेय,” मास्तर भोकातून म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा आला; मागचा बाप दुसरीकडे बघू लागला. “चालण्याने उतरायची तेवढी उतरली होती. ही वेगळी. चालण्याची नाही ही. चालण्याची असेलही. मला कळत नाही.”

“कधीपासून?”

“अडीच महिने.”

“आणि मला आज सांगताय. तेही भोकातून.”

“घरी जमत नव्हतं,” मास्तर म्हणाले. “घरी तू खूश असायचीस.”

काचेमागे तिचा चेहरा एकदा पूर्ण रिकामा झाला, जणू तिने हिशेब उलटा लावून पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला होता: प्रत्येक आवळलेला पट्टा, प्रत्येक कौतुक, पाहुण्यांसमोर त्यांना उभं करून दाखवलेली प्रत्येक वेळ. मग तिने ‘बंद’ लिहिलेली पाटी भोकासमोर उभी केली. रांगेतून आवाज उठला. “अहो बाई, वेळ आहे अजून!” “हे काय, आमची पोरं उघडी उभी आहेत!” बाजूचं लहान दार उघडलं, तिने मास्तरांना दंडाला धरून आत घेतलं, आपल्या स्टुलावर बसवलं आणि कचेरीचा फोन ओढला. मास्तर त्या खोलीत पहिल्यांदाच आले होते. इतकी वर्षं ती एवढ्याशा जागेत बसत होती हे त्यांना माहीतच नव्हतं; दोन्ही कोपरं पसरली तर भिंतींना लागतील. त्यांना वाटलं, इथलं मापसुद्धा आपण कधी घेतलं नाही.

“पोटाच्या डॉक्टरांकडे द्या,” ती फोनमध्ये सांगत होती. “हो, लगेच… पेशंट माझे मिस्टर… अठ्ठावन्न… हो, घरात आहे. भाऊ. सख्खे. गेल्या वर्षी, तुमच्याकडेच होते.” तिने फोनवर हात ठेवला. “साखर कधी तपासली?”

“चार महिने झाले. तेव्हा बरी होती.”

“वजन किती कमी झालं विचारतायत. खरं सांगा.”

“साडेतीन इंच. त्यातले अडीच हल्लीचे.”

“किलोत हो.”

मास्तरांनी मान हलवली. औषधांच्या दुकानाच्या दारात वजनाचं यंत्र होतं आणि गेले दोन महिने ते त्या बाजूच्या फुटपाथवरून चालत नव्हते. बायकोने ते न सांगता ऐकलं.

“किलो माहीत नाहीत,” ती फोनमध्ये म्हणाली. “कमरेत साडेतीन इंच… हो, इंचच. शिंपी आहेत… नाही, मुद्दाम लपवलं असं नाही. घाबरलेत.”

पलीकडून कुणीतरी काही विचारलं. मास्तरांच्या दंडावरचा तिचा हात होता तिथेच होता, पण त्याची बोटं आता कापड चाचपावं तशी खालचं हाड चाचपत होती.

“हो,” ती म्हणाली. “मी पण.”

काचेवर टकटक झाली. पाटीच्या कडेने एक डोळा आत बघत होता. बायको खांद्यात फोन धरून पेन शोधत होती, उद्याची वेळ लिहून घ्यायला. मास्तर पुढे वाकले आणि पाटी थोडी बाजूला केली.

“थांबावं लागेल,” ते म्हणाले.

“किती वेळ?” बाहेरच्या माणसाने विचारलं.

मास्तरांनी वळून बायकोकडे पाहिलं.

“ते अजून कळायचंय,” ते म्हणाले, आणि पाटी पुन्हा सरळ करून ठेवली.